युद्धकाळात राज्यसभेला कुलूप का?

मा. संसदीय कार्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

सीमेवर तोफा धडाडू लागल्या आणि नेमकी निवडणूकही तोंडावर असली, की वर्तमानपत्रांचे अग्रलेख जवळपास ठरलेले असतात. आता तरी पक्षभेद बाजूला ठेवा, जवान लढत असताना ही भांडणे शोभत नाहीत, वगैरे. वाचताना मान डोलते. पण हा उपदेश दरवेळी एकाच बाजूच्या वाट्याला येतो. सत्ताधाऱ्यांनी प्रचारसभेत विजयाचे श्रेय घेतले तर तो अभिमान, आणि शत्रू आत आलाच कसा असे विरोधकाने विचारले की ते राजकारण!

१९९९ आठवून पाहा. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडले, लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसल्याचे उघड झाले आणि काळजीवाहू सरकारवर युद्ध लढण्याची वेळ आली. त्याच दिवसांत काँग्रेस फुटली. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढणारे शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांची २० मे रोजी पक्षातून हकालपट्टी झाली, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. द्रासजवळचे तोलोलिंग शिखर आपल्या हाती आले ते १३ जूनला. इकडच्या फाटाफुटीमुळे तिकडे द्रासमध्ये कुणाचा नेम चुकल्याचे ऐकिवात नाही.

मतदारही बावचळला नाही. सप्टेंबरात महाराष्ट्राने लोकसभा आणि विधानसभेसाठी एकाच वेळी, एकाच केंद्रावर मत दिले. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या. विधानसभेत मात्र युती १२५ वर अडकली आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तिरंगी लढतींचे गणित त्यात होतेच, ते नाकारत नाही. देशभरात भाजपच्या जागा १९९८ मध्ये १८२ होत्या, कारगिलनंतरही १८२च राहिल्या. ज्या मतदाराला मतभेदांपासून जपायचा एवढा आटापिटा चालतो, तो इतका भाबडा नाही.

खरी उणीव वेगळीच होती, म्हणून हे पत्र आपल्याला. लोकसभा नसली तरी राज्यसभा असतेच, ती कधी विसर्जित होत नाही. युद्ध चालू असताना तिचे खास अधिवेशन बोलवा, अशी मागणी विरोधकांनी केली. सरकारने ती मानली नाही, सर्वपक्षीय बैठकांवर भागवले. अशा बैठकीत बंद दाराआड चहा होतो, माहिती दिली जाते, बाहेर येऊन प्रत्येक पक्ष आपापले सांगतो. नोंद राहत नाही, उत्तराला कुणी बांधील नसतो. घुसखोरी वेळीच का कळली नाही याचा तपास करणारी के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली ती जुलैच्या अखेरीस, युद्ध संपल्यावर.

आता १९६२. चिनी सैन्य आत घुसलेले, आणीबाणी जाहीर झालेली. संसद लवकर बोलवा असा आग्रह धरणाऱ्यांत राज्यसभेतले एक तरुण खासदार होते, अटलबिहारी वाजपेयी. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावले. गुप्त बैठक घ्या ही सूचनाही त्यांनी फेटाळली. लोकसभेत दीडशेहून अधिक सदस्य बोलले, अनेकांनी सरकारला धारेवर धरले. कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले, त्यात त्यांच्याच पक्षातल्या खासदारांचा रेटा मोठा होता. त्यानंतरच यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण आजही अभिमानाने सांगतो. वाट मोकळी झाली होती ती मात्र पक्षातल्याच कुरबुरीने. आणि ज्या वाजपेयींनी तेव्हा संसद मागितली, तेच ३७ वर्षांनी पंतप्रधान असताना राज्यसभा बंद राहिली. व्यक्ती कितीही थोर असो, खुर्ची बदलली की सोयही बदलते.

मंत्रिमहोदय, घटनाकारांनी तरी हा पेच ओळखला होता. लोकसभा विसर्जित असताना आणीबाणी जाहीर झाली, तर राज्यसभेची मंजुरी घ्यावी लागते, असे कलम ३५२ सांगते. पण आणीबाणी जाहीर न करता युद्ध लढले, जसे कारगिलला झाले, तर सभागृह बोलावण्याचे बंधन नाही. म्हणजे पळवाट तिथेच आहे.

माझी मागणी छोटी आहे. लोकसभा विसर्जित असताना लष्करी कारवाई सुरू झाली, तर पंधरा दिवसांच्या आत राज्यसभा बोलावण्याची शिफारस सरकार राष्ट्रपतींना करील, असा लेखी संकेत सर्व पक्षांच्या संमतीने घालून द्यावा. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. अधिवेशनाच्या तारखांचे काम आपल्याच मंत्रालयाकडे असते. मोहिमेचे नकाशे कुणी मागत नाही. पुरवठा, गुप्तवार्ता, जखमींची व्यवस्था, परदेशांशी चाललेली बोलणी यांवर मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे, एवढेच.

हे आताच ठरवावे लागेल. युद्ध सुरू झाल्यावर कोणत्याही पक्षाच्या सरकारला हा नियम गैरसोयीचाच वाटणार, तुमच्याही आणि उद्या येणाऱ्यांच्याही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
एक मतदार