हुकुमाचा धनी कोण?

महोदय,

कुठे युद्ध पेटलं की ‘शिपायाने हुकूम पाळायचा, विचार वरच्यांनी करायचा’ हे ठरलेलं वाक्य पारावर ऐकू येतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. असं बोलणाऱ्यांना वाटतं, आपण जवानाची बाजू घेतोय. प्रत्यक्षात ते त्याला माणसातून उठवतात.

बेळगावच्या सेंटरवर शिकवत असताना एका रंगरुटाने भर वर्गात विचारलं, “उस्ताद, हुकूमच गलत असला तर?” बाकीची पोरं हसली. मी त्याला १९५० च्या आर्मी ॲक्टचं ४१ वं कलम वाचून दाखवलं. हुकूम मोडणं हा गुन्हा आहेच, पण तो कायदेशीर हुकूम असला पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. निःशस्त्र बायापोरांवर गोळी झाडण्याचा हुकूम त्यात बसत नाही.

मग माय लायची हकीकत सांगितली. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या या गावात अमेरिकी लष्कराच्या चार्ली कंपनीने म्हातारी माणसं, बाया, तान्ही मुलं मारली. व्हिएतनामच्या नोंदीत ५०४ जीव गेले. त्याआधीच्या आठवड्यांत सुरुंगांनी त्या कंपनीतले जवान गेले होते. जोडीदार गेल्यावर डोक्यात काय पेटतं, ते मला कुणी सांगायला नको. पण त्याच कंपनीतल्या काहींनी बंदूक उचलली नाही. राग त्यांनाही असणारच ना?

वरून टेहळणी करणारा पायलट ह्यू थॉम्पसन तर अवघा २४ वर्षांचा. त्याने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि लपलेले गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपली माणसं यांच्यावर गोळ्या झाडू लागली तर त्यांच्यावर फायर करा, असं सोबतच्या कोलबर्न आणि अँड्रिओटाला बजावलं आणि दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून त्या लोकांना बाहेर काढलं. प्रेतांनी भरलेल्या चरात उतरून अँड्रिओटाने एक जिवंत मूल वर आणलं. थोड्याच दिवसांत तो लढाईत गेला. थॉम्पसनला मायदेशी गद्दार म्हणून धमक्या आल्या. तिघांना पदक मिळालं १९९८ मध्ये!

चार्ली कंपनीतल्याच एका तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट कॅली याने कोर्टात हुकुमाचीच ढाल पुढे केली, ती चालली नाही. २२ खुनांसाठी जन्मठेप झाली, पण जेमतेम साडेतीन वर्षांत तो सुटला, तीही बहुतेक घरातल्या नजरकैदेत. त्याचा कंपनी कमांडर निर्दोष ठरला आणि त्याच्या वरच्यांपैकीही कुणाला कोर्टात शिक्षा झाली नाही. हे मला कॅलीच्या सुटकेपेक्षा जास्त डाचतं. जवान जबाबदार आहे म्हणून वरचा मोकळा सुटता कामा नये. दोघांनीही जाब दिला पाहिजे.

सातारा, सांगली, कोल्हापुरात भरतीच्या अकादम्या गावोगावी आहेत. पहाटे धावणं, पुलअप्स, मग जीके. चालकांना माझी विनंती, आठवड्यातला एक तास युद्धात निःशस्त्रांना, जखमींना, कैद्यांना संरक्षण देणारे जिनिव्हा करार आणि या ४१ व्या कलमासाठी ठेवा. आमच्या भागातल्या अकादमीत शिकवायला मी विनामोबदला येईन.

– एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव, जि. सातारा