हॅरॉल्ड व्हँडरबिल्टविषयी, शिरीषला

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

"बापजाद्यांचा पैसा असल्यावर माणूस खेळणार नाही तर काय करणार?" असं तू व्हँडरबिल्टबद्दल लिहिलंस, ते मला लागलं. ज्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजपायी आपण रात्री जागवतो, तो पत्त्यांचा खेळ त्याने घडवला, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसा होता, हे खरंच. पणजोबांनी, 'कमोडोर' कॉर्नेलियसनी, आधी आगबोटी आणि मग रेल्वे यांवर अफाट संपत्ती उभी केली. हॅरॉल्ड १८८४चा. हार्वर्डला शिकला, न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचा संचालक झाला. बहीण कॉन्स्वेलो मार्लबरोच्या ड्यूकला दिलेली.

पण १९२५च्या शरदातली ती 'फिनलंड' बोट बघ. लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला चाललेली, बरोबर तीन मित्र, आणि टेबलावर पत्ते. तेव्हा ब्रिजच्या जुन्या प्रकाराची, ऑक्शन ब्रिजची, चलती. बोली म्हणजे किती हात करू, याचं आधी दिलेलं वचन. ती दोनची लावली आणि हात चारचे केले, तरी गेम, म्हणजे ठरलेल्या गुणांचा टप्पा, पदरात पडायचा! मग धाडसाने बोलायचं कशाला? फ्रेंच प्लाफाँ खेळात बोललेले हातच गेमला धरत. त्याने ते उचललं, स्लॅमला, म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेरा हातांच्या बोलीला, घसघशीत बक्षीस लावलं, आधी एक गेम झालेली जोडी बोलीइतके हात करू शकली नाही तर दंड वाढवला. बोट कालवा ओलांडत होती तेव्हा गुणांचा तक्ता तयार होत होता. घरी आल्यावर टंकलेल्या प्रती मोजक्या मित्रांना दिल्या, बस्स. खेळ आपोआप जगभर गेला. हे रिकामटेकड्याचं काम नव्हे रे.

शर्यतीच्या नौकांतही तोच ध्यास. १९३०, १९३४ आणि १९३७ असा तीनदा त्याने शिडांच्या नौकांच्या शर्यतीचा अमेरिका कप आपल्या देशाकडे राखला. यातलं १९३४ मला सगळ्यांत प्रिय. न्यूपोर्टच्या समुद्रात समोर विमानं बनवणाऱ्या इंग्रज सॉपविथची 'एन्डेव्हर'. मजुरीवरून बिनसल्याने त्याचे पगारी खलाशी घरीच राहिले होते, तरी तिने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या. तिसरीतही ती बरीच पुढे. व्हँडरबिल्टने 'रेनबो'चं सुकाणू नौकेवरच्याच शेरमन हॉइटच्या हाती दिलं आणि स्वतः खाली गेला. हॉइटला सॉपविथची सवय ठाऊक होती: मागची नौका वळली की तिच्या पुढ्यात यायला हाही वळणार. त्याने 'रेनबो'चा रोख जरासा बदलला, सॉपविथ वळला आणि पडलेल्या वाऱ्यात अडकला. शर्यत फिरली, मग मालिकाही, ४-२. स्वतःची नौका, स्वतःचं नाव पणाला, आणि ऐन वेळी सुकाणू दुसऱ्याला द्यायचं! असा पार्टनर मिळाला तर मी डोळे मिटून सातची, म्हणजे सगळ्या तेरा हातांची, बोली लावेन.

१९३७ची 'रेंजर' त्याने एकट्याच्या खर्चाने बांधली आणि ४-० जिंकली. पुढे शर्यतीत वाट कोणी कोणाला द्यायची, याचे नियमही नव्याने लिहिले.

१९५४ साली रॉबर्ट यंगने भागधारकांची मतं फिरवून न्यूयॉर्क सेंट्रल ताब्यात घेतली. घराण्याची रेल्वे सत्तरीच्या उंबरठ्यावर हातची गेली. दुसऱ्याच वर्षी हॅरॉल्ड पणजोबांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष झाला, १९६८पर्यंत. १९७०मध्ये गेला.

आणि तू एक किलवर बोलून जोरदार पानं दाखवतोस ना, ती कल्पनाही त्याचीच. दिवाळीत येशील तेव्हा त्याची मूळ पद्धत खेळून बघू. तक्ता मी उतरवून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक