पेन्सिलीच्या एका टिंबाबद्दल

बाई,
सा. न. वि. वि.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले होते ते आभार मानायलाच. पण तुम्ही "बस, चहा टाकते" म्हणालात आणि विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. रागावू नका.

गणितात ५८ पडले. दहावीच्या पोरांना यात काय कौतुक! पण नववीत बीजगणिताच्या धास्तीने जिची शाळा सुटली आणि पोरं मोठी झाल्यावर जिने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तिला विचारा.

आमच्या सरांना मी एकदाच विचारलं होतं, क्ष म्हणजे काय? "तुझं डोकं. सापडतंय का बघ," म्हणाले. वर्ग खो खो हसला. बाजू बदलली की चिन्ह बदलतं हे पाठ केलं, का बदलतं ते विचारायची पुन्हा छाती झाली नाही. यंदा आधी एका क्लासला गेले, फी आगाऊ भरली. तिसऱ्याच दिवशी ऐकलं, "मावशी, तुमचं बेसिकच कच्चं आहे." अहो, पक्कं असतं तर आले असते कशाला?

तुम्ही पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाहीत. माझ्या डब्यांचं विचारलंत. ३० डबे, पूर्ण ९० चा, अर्धा ६० चा, गल्ल्यात २४००. तर पूर्ण किती गेले? मी पोळ्या लाटता लाटता करते तसं केलं. सगळे अर्धेच धरले तर १८००. वर उरले ६००. एका पूर्ण डब्यामागे ३० जास्त, म्हणजे पूर्ण २०, अर्धे १०. तुम्ही तेच क्ष आणि य घालून दोन ओळींत मांडलंत आणि म्हणालात, "अगं, हे तर तू रोज सोडवतेस." बाजू बदलण्याचं कोडंही तागडीवर सुटलं. बदलत काहीच नाही, दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं असतं.

पण मला सांगायचंय ते त्या टिंबाचं. गणित होतं ५ − २(क्ष − ३) = १. मी कंस सोडवून ५ − २क्ष − ६ लिहिलं आणि उत्तर काढलं उणे १. वाटलं, आता लाल फुली. तुम्ही वही जवळ ओढलीत, त्या ६ च्या डोक्यावर पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंत, आणि बाजूला लिहिलंत, "इथपर्यंत बरोबर." मग फक्त "ताळा करून बघ" म्हणून आत भाजी निवडायला गेलात.

मी उणे १ घालून पाहिलं, तर १ च्या जागी १३! मग टिंबाकडे बघत बसले. उणे दोन गुणिले उणे तीन अधिक सहा होतात, ते तेव्हा दिसलं. क्ष ५ आला. ताळा जुळला. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी तो तीनदा करून पाहिला होता.

चूक मी शोधली, तुम्ही नाही. एवढं मला याआधी कोणी करू दिलं नव्हतं. नंतर शेंगा सोलताना तुम्ही सांगितलंत, की भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंबच देत, आणि क्ष ऐवजी त्यांच्याकडे यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक असे रंग. नऊशे वर्षं होत आली त्याला. काळा, निळा, पिवळा! आम्हाला शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर? जाऊ दे.

शिकवणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते ठीक. पण माणसाला ओशाळं न करता चूक दाखवणं फार थोड्यांना जमतं. बँकेतल्या खिडकीपासून दवाखान्यापर्यंत बघतेय ना मी रोज.

धाकटी आता सातवीत आहे. काल तिची वही तपासताना लाल पेन हातात घेतलं होतं. ठेवून दिलं, पेन्सिल शोधली.

तुमची,
डबेवाली