हिमालयात ज्वालामुखी का नाहीत

चि. मुक्ताला अनेक आशीर्वाद.

केदारनाथच्या वाटेवरून पाठवलेला दगडाचा फोटो बघितला. अभ्रकाने चकाकणारा, पट्ट्यापट्ट्यांचा. आणि खाली तुझा प्रश्न: आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या दगडाचा, मग त्याच्या पाचपट उंच हिमालयात एकही ज्वालामुखी कसा नाही? तुला रेंज नसते आणि मला थोडक्यात बोलता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवतो.

सह्याद्री ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, पण ती ज्वालामुखींची रांग नव्हे. कळसूबाईवर चढून ज्वालामुखीचं तोंड शोधलंस तर मिळायचं नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. झिजून झिजून आज जेवढा उरलाय तोच 5 लाख चौरस किलोमीटरच्या घरात. त्याचं झालं पठार. मग पश्चिमेचा भाग तुटला, सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटला, आणि तो तुटका काठ पावसाने कोरत कोरत मागे नेला. आंबा घाट चढून गेल्यावर पलीकडे तेवढाच उतार लागतो का? नाही ना. आपण कोकणातून वर बघतो म्हणून त्याला डोंगर म्हणायचं.

हे थर मी बोअरच्या गाडीमागे उभा राहून भुकटीत बघत आलोय. आधी चिऱ्याची लाल धूळ उडते. मग शेडी, पिवळट पांढरी, चिकट. मग मशीनचा आवाज बदलतो आणि काळ्या कातळाची राखाडी भुकटी येते. कधी कातळाच्या मध्येच पुन्हा लाल पट्टा लागतो. खालचा लाव्हा निवून त्यावर माती धरण्याइतका काळ गेला आणि मग वरचा थर आला, त्याची ती खूण. गिऱ्हाईकाला त्याचं काय! त्याचं एकच, पाणी कधी लागणार.

आता तुझा हिमालय. पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र भरलाय असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. कवचाखालचा खडक तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे घनच राहतो. वितळायला त्याला निमित्त लागतं. तापलेला खडक वर चढला की दाब उतरतो आणि तो वितळतो. आपल्याकडे हेच झालं. तो तप्तबिंदू, म्हणजे तापलेला खडक खालून वर चढत राहतो ती जागा, आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून ओकतोय. भारत उत्तरेला सरकला म्हणून आपण सुटलो.

दुसरं निमित्त पाण्याचं. समुद्राचा तळ शेजारच्या भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराच्या सरकत्या तुकड्याखाली, घुसतो तेव्हा खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेतो. साधारण 100 किलोमीटर खोलीवर ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि तो एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर जाडं मीठ टाकतो ना, तसंच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले ज्वालामुखी असेच झाले, आणि आपलं अंदमानचं बॅरन बेटही. गंमत म्हणजे अँडीजमध्येसुद्धा पेरूच्या बऱ्याच भागात ज्वालामुखी नाहीत, कारण तिथे समुद्रतळ खोल न जाता आडवाच सरकतो. नुसत्या उंचीचा ह्यात काही संबंध नाही.

हिमालयाच्या जागी आधी टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली जात होता तोवर तिकडेही ज्वालामुखी होते, लडाखमध्ये द्रासच्या बाजूला त्यांचे खडक सापडतात. साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि जमिनीला जमीन भिडली. ओल्या समुद्रतळाचा पुरवठाच बंद झाला. खंडाचं कवच हलकं, ते तसं खोल बुडत नाही. घड्या पडत, एकावर एक चढत ते 70 किलोमीटरपर्यंत जाड झालं. त्यातलं थोडं वितळलंही, पण तो रस इतका घट्ट की ग्रॅनाइट होऊन आतच थिजला. तुझा पट्ट्यांचा दगड वितळलेला नाही, दाबाने आणि उष्णतेने बदललेला आहे.

परतताना गौरीकुंडाला गरम पाण्याचा झरा दिसेल. कोणी म्हणालं की खाली ज्वालामुखी आहे, तर मान डोलावू नकोस. आपल्या राजवाडीच्या आणि उन्हवऱ्याच्या कुंडांबद्दलही लोक हेच म्हणतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढंच आहे ते.

आईने कानटोपी पार्सलने पाठवली आहे. घाल.

तुझे बाबा