बोट चालवणाऱ्याचे वय कोण विचारतो?

बामणोलीहून वासोटा किल्ल्यावर जायचे तर शिवसागर जलाशय बोटीने ओलांडावा लागतो. लाइफ जॅकेट आम्ही मागून घेतो. चालकाचे वय, प्रशिक्षण मात्र कुणी विचारत नाही. गिअरच्या मोटारसायकलला १८ वर्षे आणि लायसन्स लागते, इथे तर माणसे भरलेली बोट! गावच्या पोरांना पोहता येते, मान्य. पण वारा सुटल्यावर लाटेला बोट कशी घालायची, मधेच इंजिन बंद पडले तर काय, हे शिकवावेच लागते. नद्या-जलाशयांतल्या बोटींसाठीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यांत्रिक बोटींच्या चालकांना प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्याची परीक्षा तापोळा-बामणोलीतच, मराठीत आणि तोंडी घ्या. दहावीची अट मात्र नको, नाहीतर मुरलेले नावाडीच आधी घरी बसतील.

– एक वाचक, मेढा (जि. सातारा)