पैसे नकोत, सोर्स द्या म्हणणाऱ्या वकीलताईंना

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतोय. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मोकळं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना ठाऊक व्हायला हवं. आपला प्रोग्राम कुणी उचलला, यंत्रात घालून विकला, हे कळल्यावर बहुतेक जण चार दिवस हळहळतात आणि सोडून देतात. मीही सोडूनच दिलं असतं. तुम्ही सोडू दिलं नाहीत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दुकानातल्या हातात मावणाऱ्या बिलिंग मशीनवर मराठी पावती नीट छापली जावी म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. ५८ मिलिमीटरच्या कागदावर एका आडव्या रेषेत ३८४ ठिपके मिळतात. तेवढ्यात जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं बसायला हवं, आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे वेगवेगळे वाचता आले पाहिजेत. तो प्रोग्राम मी जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुला केला. वापरा, बदला, विका, माझी हरकत नाही. फक्त यंत्रात घालून पुढे दिलात, तर तुमच्या बदलांसकट सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसाला वाचता, बदलता येणारा मूळ मजकूर) सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं किमान तीन वर्षांचं लेखी वचन द्या.

एका कंपनीने तो आपल्या मशीनमध्ये घातला. खोक्यात ना लायसन्सचा कागद, ना लेखी वचन. हे पकडलं लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी. त्यांच्याकडे ही मशीनं प्रिंट हेड, म्हणजे तापून कागदावर अक्षरं उमटवणारा भाग, जळाल्यावर यायची. दुसऱ्या बनावटीचं हेड बसवलं की अक्षरं फिकी उमटायची, कारण हेड किती वेळ तापवायचं ते आकडे फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुलूपबंद. हेड चांगलं, मोटर चांगली, बॅटरी चांगली, आणि तरी मशीन भंगारात! फीडचं बटण दाबून मशीन सुरू केलं की एक चाचणीची ओळ छापली जाते. ती ओळ माझी होती, आचार्य आणि आचारी दोघांसकट. दादांनी तो कागद मला आणून दाखवला. त्यांचेही आभार इथेच मानतो.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच होतं: तुम्ही फुकट दिलंत, मग तक्रार कसली? तुम्ही मात्र फोर्टातल्या तुमच्या चेंबरमध्ये पहिल्याच भेटीत सगळं लायसन्स माझ्यासमोर वाचून काढलंत, पेन्सिलीने खुणा करत. मग जे सांगितलंत त्याने माझी भीडच चेपली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो, त्यामुळे हक्क माझा आहे. कंपनीला परवानगी मिळते ती या लायसन्समुळेच, आणि अट मोडली की परवानगी संपते. आता कंपनी म्हणाली की आम्ही हे लायसन्स मानतच नाही, तर मग तिच्याकडे प्रती काढायची कुठलीच परवानगी उरत नाही. दोन्हीकडून ती अडकते. हे जर्मनीतल्या न्यायालयांनी मान्य केलंय, हेही तुम्हीच सांगितलंत. हाराल्ड वेल्टे या लिनक्सच्या (मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) प्रोग्रामरने २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून एका राउटर बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. लिनक्सचा फायरवॉलचा भाग त्या राउटरमध्ये होता आणि सोर्स दिलेला नव्हता.

माझी सगळ्यात मोठी धास्ती होती की मी कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. त्यावर तुम्ही आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल समोर ठेवलात, संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्यात स्पष्ट म्हटलंय की दावा लावण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. त्याच न्यायालयाचा २०१२ चा निकाल उलटा होता, तोही तुम्ही लपवला नाहीत. वकिलाकडून असं सगळं उघड ऐकायला मिळणं किती धीर देतं ते तुम्हाला कदाचित कळणार नाही. कंपनी दुसऱ्या राज्यातली होती. पण मी राहतो मुंबईत आणि मशीनही मुंबईतच विकली जात होती, त्यामुळे कलम ६२ च्या आधाराने दावा इथेच लावता येईल, तिकडे हेलपाटे घालावे लागणार नाहीत, हे कळलं तेव्हा आईने घरी सुटकेचा श्वास सोडला.

पुरावा गोळा करण्याचं तुमचं काम मी जन्मभर विसरणार नाही. दादांकडची उघडलेली मशीन चालणार नाही म्हणालात. नवी मशीन पक्क्या बिलावर घ्यायची, सील तोडण्यापासून सगळं चित्रीकरण करायचं, बिलावरचा आणि मशीनवरचा सिरियल नंबर कॅमेऱ्यात यायला हवा. बोर्डावरच्या सिरियल पिनांना तारा जोडल्या तेव्हा लिनक्स सुरू झाल्याच्या ओळी आणि पाठोपाठ बिझीबॉक्स या लिनक्सवरच्या मोकळ्या साधनसंचाचं नाव पडद्यावर सरकत गेलं. तुमच्या ज्युनियर ती प्रत्येक ओळ टिपून घेत होत्या. म्हणजे त्या डब्यात एकट्या माझ्या हक्काची पायमल्ली झालेली नव्हती. जगभरच्या हजारो लोकांचं काम तिथे निनावी पडलं होतं. फर्मवेअरची प्रत काढल्याबरोबर तुम्ही तिचा हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा आकडी ठसा) काढायला लावलात, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो भरावा लागतो. मित्रांनो, हे वाचत असाल तर एवढं तरी लक्षात ठेवा: भांडायला जाण्याआधी हॅश काढा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ती.

नोटीस गेल्यावर कंपनीच्या माणसाचा मला थेट फोन आला. म्हणाला, आकडा सांगा, विषय मिटवू. माझ्यासारख्या नोकरदाराला तो मोह लहान नव्हता. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही रागावला नाहीत, उपदेशही केला नाहीत. हक्क तुमचा आहे, पैसे घेतलेत तरी मी चूक म्हणणार नाही, असं म्हणालात. आणि मग दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्यात. एक, पॅट्रिक मॅकहार्डी. हेही लिनक्सच्या फायरवॉलवर काम केलेले, पण त्यांनी कंपन्यांकडून पैसे वसूल करायचा सपाटा लावला, तेव्हा त्यांच्याच सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांना बाजूला केलं. दुसरे, बिझीबॉक्सचे प्रोग्रामर एरिक अँडरसन. त्यांच्या हक्कांवर अमेरिकेत २००७ पासून खटले उभे राहिले. २०१० मध्ये वेस्टिंगहाऊस डिजिटल या टीव्ही कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तिप्पट धरून ९०,००० डॉलरची भरपाई दिली आणि उरलेले टीव्हीही जमा करायला लावले. पण त्या कंपनीने न्यायालयात बाजू मांडणंच सोडून दिलं होतं म्हणून तिथवर गेलं. बहुतेक खटले आधीच मिटले, आणि मिटताना सोर्स देण्याचं कबूल करून घेतलं गेलं. लिंक्सिसच्या राउटरचा सोर्स २००३ मध्ये असाच तगादा लावून बाहेर काढला गेला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोकळं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज माझ्या घरच्या राउटरवर चालतं.

शेवटी तुम्ही एवढंच विचारलंत: पैसे तुम्हाला मिळतील, दादांच्या बाकावर पडलेल्या मशीनांना काय मिळेल?

मी तुम्हाला म्हटलं, ताई, सोर्सच मागा.

आठवड्याभरात कंपनीने एक झिप फाइल पाठवली. त्यात इंटरनेटवरून उतरवलेला लिनक्सचा कोरा कर्नल (गाभा) आणि माझाच मूळ प्रोग्राम, त्यांचा एकही बदल नाही. मला तेही पुष्कळ वाटलं होतं. तुम्ही लायसन्सच्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवलंत: सोर्समधून चालता प्रोग्राम तयार करायच्या (कम्पाइल) आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही सोर्समध्येच मोजल्या जातात. मला कोऱ्या संगणकावर त्या सोर्समधून प्रोग्राम तयार करायला बसवलंत, आणि जिथे जिथे अडलं ते मुद्देवार लिहून कंपनीला पाठवलंत. पत्रात एक कडक शब्द नव्हता. फक्त प्रत्येक मुद्द्याखाली तारीख मागितली होती. कंपनीच्या इंजिनियरांविषयी तुम्ही कधी वाकडं बोलला नाहीत. त्या पोरांना कुणी सांगितलंच नसेल, त्यांना उत्तर देणं सोपं जाईल असं लिहूया, म्हणायचात. मला तुमचं हे वागणं कोर्टातल्या कुठल्याही युक्तिवादाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधीची मध्यस्थी झाली. त्या खोलीत काय बोललं गेलं ते बाहेर न्यायचं नाही, म्हणून लिहीत नाही. दाव्याचा मसुदा तुमच्या बॅगेत तयार होता हे मात्र मला माहीत आहे, आणि कंपनीलाही ते माहीत होतं असं मला वाटतं. न्यायालयाची पायरी चढायची पूर्ण तयारी ठेवूनच तुम्ही इतक्या सबुरीने बोलू शकलात. नुसत्या विनंतीच्या ईमेलींना मला त्याआधी साधी पोचही मिळाली नव्हती.

आता सोर्स सगळ्यांसाठी खुला आहे, स्क्रिप्टसकट. नव्या खोक्यांत लेखी वचनाचा कागद येतो, मराठीतही. दादांनी हेड तापवायच्या वेळेचा आकडा बदलून घेतला आणि बाकावरची मशीनं परळ, दादर, भायखळ्याच्या दुकानांत परत गेली. त्यांचे मालक तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांच्या वतीनेही आभार.

तुमच्या ज्युनियरना माझा वेगळा नमस्कार सांगा. अमेरिकेत २०२१ मध्ये विझिओ या टीव्ही कंपनीविरुद्ध ग्राहकाच्या नात्याने खटला दाखल झाला, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच नव्हे तर मशीन विकत घेणाऱ्यानेही सोर्स मागायचा. आपल्याकडे हे कसं मांडता येईल यावर त्या टिपणं काढतायत असं कळलं. त्यांना चाचणीसाठी मशीन लागली, फर्मवेअर उकलायला माणूस लागला, तर मी आहे. रविवारी कधीही बोलवा.

आणि एक बातमी. कोल्हापूरच्या एका मुलीने त्या सोर्समध्ये ८० मिलिमीटरच्या कागदासाठी बदल करून पाठवलाय. काम चोख आहे. मी तो सामील करून घेतला आणि हक्काच्या ओळीत माझ्या नावाखाली तिचं नाव घातलं.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बिलिंग मशीनवाला