'आधी' आणि 'नंतर' यांच्या मधलं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी जबड्याच्या ऑपरेशनवर अर्धं पान आलं होतं. एका मुलीचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो, खाली तिचा आत्मविश्वास कसा वाढला त्याचं वर्णन आणि शेजारी गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात. लेखात खोटं काही नव्हतं. पण त्या दोन फोटोंच्या मधे दोन-अडीच वर्षं जातात आणि त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून ती वर्षं मी लिहून पाठवते आहे.

मी मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला खाणावळ चालवते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली इथे दवाखाना काढला, तेव्हापासून आजाऱ्यासोबत आलेल्या माणसांना जेवू घालणं हा या गावाचा धंदाच आहे. त्यामुळे पथ्यपाणी मला नवीन नव्हतं. तरी या ऑपरेशनने माझा स्वयंपाक बदलून टाकला, ते पुढे येईलच.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. माणसाचे वरचे दात खालच्यांवर जरासे पुढून बसतात, डब्यावर झाकण बसतं तसे. माझ्या मुलीचं उलटं होतं. खालचा जबडा पुढे आलेला, शिवाय थोडा डावीकडे सरकलेला. दाढा टेकल्या तरी पुढचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नसे; हाताने बारीक करून दाढेखाली सारायचा. आमच्याकडे पोरं बांधावर बसून ऊस दातांनी सोलतात, हिला विळ्याने गंडेऱ्या करून द्याव्या लागायच्या. पेरू, मक्याचं कणीस, सगळ्याची तीच गत. लग्नाच्या पंगतीत ही शेवटपर्यंत जेवत बसायची तेव्हा बायका म्हणायच्या, किती सावकाश जेवते पोरगी, वळण चांगलं आहे! सगळा भार दाढांवर येऊन त्या झिजायला लागल्या होत्या आणि सकाळी उठलं की कानापुढे ठणकायचं. शाळेत तिला 'चांदोबा' म्हणत. दिसण्याचा त्रास तिला नव्हता असं मी म्हणणार नाही. होताच. पण डॉक्टरकडे नेलं ते जेवणापायी.

हे बहुतेक घराण्यातून येतं. माझ्या सासऱ्यांची हनुवटी अशीच आहे. युरोपात हॅब्सबर्ग नावाच्या राजघराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या चित्रांत हीच हनुवटी दिसते आणि स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला तर धड चावताही यायचं नाही, हे मुलीने मोबाइलवर शोधून आजोबांना वाचून दाखवलं. राजाचं दुखणं आपल्याला आहे म्हटल्यावर ते दोन दिवस खुशीत होते.

मूल सात-आठ वर्षांचं असताना त्याचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर तारा लावणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टला, दाखवून घ्यावं. वरचा जबडा मागे पडला असेल तर त्या वयात चेहऱ्यावर लावायच्या मास्कने तो पुढे ओढता येतो. दहा वर्षांच्या पुढे त्याचा उपयोग कमी होत जातो. अर्थात तेवढ्याने सगळ्यांचं भागत नाही, कारण खालचा जबडा वयात येताना पुन्हा वाढतो. म्हणूनच ऑपरेशन वाढ थांबल्यावरच करतात. मुलींचं साधारण सोळा-सतरानंतर, मुलांचं अठराला किंवा त्याच्याही पुढे. काही महिन्यांच्या अंतराने एक्स-रे काढून जुळवून बघतात आणि हाड वाढायचं थांबलंय याची खात्री करून घेतात. घाई करणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठावा.

आता पैसे. खासगीत विचारलं तर आकडा लाखांत गेला. मेडिक्लेमचे हप्ते आम्ही नियमाने भरत आलो होतो, म्हणून आधी मंजुरी मागितली. उत्तर आलं: कॉस्मेटिक, मिळणार नाही. मग मी पॉलिसीचे कागद काढून बसले. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिली आहे. दिसणं बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले आहेत. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती चालते, आणि तब्येतीला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करायला उपचार गरजेचा आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं तर तोही चालतो. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. चावता येत नाही, दाढा झिजताहेत, सांधा दुखतो. कंपनीचं म्हणणं, यात तात्काळ काय आहे? म्हणजे इतकी वर्षं जेवतेच आहे की. दिवसाला शंभर ताटं वाढणाऱ्या बाईला हे पटवणं कठीण आहे.

ज्यांना लढायचं असेल त्यांनी कंपनीच्या तक्रार कक्षाचं उत्तर हातात घेऊन विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जावं. आपल्याला पुण्याचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. सोबत बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रे, दातांच्या साच्यांचे फोटो आणि घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर झोपेच्या तपासणीचा कागद जोडावा. पेशंट लहानपणी जेवढं जेवला तेवढं पुरे, असं लोकपाल तरी म्हणणार नाहीत अशी आशा आहे.

आम्ही मुंबई धरली. सीएसएमटी स्टेशनाजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. रात्री मिरजेला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी उतरून चालत ओपीडीला, आणि त्याच गाडीने रात्री परत. दर महिन्याला तारा आवळायला. खाणावळ तेवढा दिवस जाऊबाई बघायच्या.

तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझ्या वहीच्या मागच्या पानावर, जिथे मी उधारी लिहिते तिथे, जबडा काढून दाखवला. १९०१ साली ले फोर्ट नावाच्या फ्रेंच डॉक्टरने प्रेतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांनी फुटतात ते शोधलं होतं. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवर आज सर्जन वरचा जबडा मोकळा करतात आणि हवा तिथे बसवतात. खालच्या जबड्याची रीत झ्युरिकच्या ओब्वेगेझर या सर्जनची, १९५७ मध्ये ट्राउनर या दुसऱ्या सर्जनबरोबर छापलेली. हाड आडवं तोडायचं नाही. दाढांच्या मागे उभं चिरून आतला आणि बाहेरचा पदर वेगळा करायचा आणि एकमेकांवरून सरकवायचा. हाडाला हाड चिकटून राहतं, म्हणून ते भरून येतं. मग टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर वण नाही. इतकं नीट मला आमच्या गावात कुणी समजावलं नव्हतं, आणि समजल्यावर भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी ऑपरेशनच्या दिवसापर्यंत राहिली.

त्याआधीचं दीड वर्ष मात्र फार वाईट. हे तुमच्या लेखात यायलाच हवं होतं. जबडा चुकीच्या जागी असला की दात आपापली तडजोड करून घेतात. खालचे आत कलतात, वरचे बाहेर. तारांनी आधी ही तडजोड मोडायची असते, प्रत्येक दात आपल्या हाडावर सरळ उभा करायचा असतो. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी चेहरा आणखी बिघडतो. हनुवटी आणखी पुढे दिसते, जेवण आणखी अवघड होतं. ज्याला हे आधी सांगितलेलं नसतं तो मधेच तारा काढून मोकळा होतो. नणंदबाई लग्नात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढे पैसे घालून हे?" मुलीने त्या लग्नात एकही फोटो काढू दिला नाही.

ऑपरेशन काही तासांचं. भूल देताना नळी नाकातून घालतात, कारण तोंड सर्जनला मोकळं लागतं. बाहेर आणलं तेव्हा मी तिला ओळखलं ते मनगटातल्या काळ्या दोऱ्यावरून. चेहरा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त सुजतो आणि मग उतरू लागतो. नाक चोंदलेलं, त्यातून थोडं रक्त, आणि नाक शिंकरायची बंदी. वरचे-खालचे दात रबरांनी जोडलेले. उशाशी एक छोटी कात्री ठेवायला सांगितली होती, उलटी झालीच तर रबरं कापायला. ती कधी लागली नाही, पण मी रात्रभर ती हातात धरून बसायची.

आणि मग माझं काम सुरू झालं. साधारण दीड महिना काहीही चावायचं नाही. सगळं पातळ, गाळलेलं, कोमट. सुरुवातीला सिरिंजला रबराची नळी लावून गालाच्या कडेने सोडायचं. स्ट्रॉने ओढायचं नाही, टाक्यांना ताण बसतो. डॉक्टरांनी लिहून दिलं 'लिक्विड डाएट', आणि बहुतेक घरांत त्याचा अर्थ दूध आणि नारळपाणी असा होतो. त्यावर माणूस वाळून जातो. मी मुगाचं कढण करायचे, डाळ मऊ शिजवून, घोटून, मलमलच्या फडक्यातून काढून, वर तुपाची धार. तांदळाची पेज मेतकूट घालून. नाचणीचं आंबील ताकातलं. आमच्याकडच्या मटणाच्या रश्शाआधी जे अळणी काढतात ते, बिनतिखटाचं, चरबी काढून. भोपळा आणि गाजर उकडून मिक्सरमधून. शेंगदाण्याचं दूध. दर दोन तासांनी वाटीभर, कारण एका वेळी पोटभर जातच नाही. आमसुलाचं सार मात्र टाळलं, टाक्यांना झोंबतं. आणि प्रत्येक वेळी कोमट आहे का ते मी माझ्या मनगटावर बघायचे, कारण तिच्या खालच्या ओठाला ऊन-गार कळत नव्हतं.

ही बधिरता लपवू नये. खालच्या जबड्याच्या हाडातूनच ओठ-हनुवटीची नस जाते, ऑपरेशनमध्ये ती दुखावते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींची थोडी कायमची जाते. माझ्या मुलीच्या हनुवटीची एक बाजू अजून जड आहे. ताक पिताना थेंब ओघळला तरी तिला कळत नाही, मी खूण करते. ती म्हणते, आई, चालतं. पण सही करायच्या आधी हे माहीत असणं आणि नंतर समजणं यात फरक आहे. आम्हाला सहीआधी सांगितलं होतं. सगळीकडे सांगतात असं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती खूप रडायची. असं बऱ्याच जणांना होतं म्हणे, झोप नाही, अन्न नाही, आरशात ओळखीचं माणूस नाही. कोणी भेटायला येऊन "किती छान दिसतेस" म्हणालं की आणखी रडायची. सुजलेल्या माणसाला काहीतरी खोटं बोलण्यापेक्षा त्याच्या घरच्यांना एक वेळ स्वयंपाकातून सुट्टी द्यावी.

त्या ओपीडीच्या बाकावर काय काय बघितलं! दुभंगलेल्या ओठाची आणि टाळूची लहानपणी शिवण झालेली मुलं. त्यांचा वरचा जबडा पुष्कळदा मागे राहतो आणि मोठेपणी पुढे आणावा लागतो. लहानपणी हनुवटीवर पडून किंवा कानाच्या संसर्गाने जबड्याचा सांधा गोठलेली, तोंडात बोटही जात नाही अशी, रात्री बसून झोपणारी मुलं. यांचे 'आधी-नंतर' फोटो कोणी पुरवणीत छापत नाही. त्याच बाकावर एक तरुण होता, चावा अगदी व्यवस्थित, त्याला रीलमधल्या हिरोसारखा जबडा हवा होता. डॉक्टरांनी त्याला परत पाठवला. बरोबर केलं.

माझ्या मुलीने भाकरी पुढच्या दातांनी तोडली ती ऑपरेशनला जवळपास तीन महिने झाल्यावर. गुरगुट्या भात, मग इडली, मग दुधात कुस्करलेली चपाती अशा पायऱ्या चढत. त्यानंतरही तारा सहा महिने होत्याच.

तेव्हा संपादक महोदय, या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एक चौकट द्या. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, यांचे पत्ते आणि ओपीडीच्या वेळा. पट्ट्या आणि स्क्रूंचा खर्च कोणाचा, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यायला वाचकांना सांगा.

पत्र लांबलंय, तुम्ही कात्री लावणार हे मला ठाऊक आहे. लावायचीच तर सासऱ्यांचा आणि राजाचा मजकूर काढा. पेजेचा, बधिर ओठाचा आणि लोकपालांचा ठेवा.

आपली,
एक वाचक, खाणावळचालक
मिरज, जि. सांगली